मदत हवी आहे: पावतीच्या पार्सरची एक टेस्ट पास केली की दुसरी फेल

कोरीकॉपी: छापील पावत्यांमधून वस्तू, नग, दर, रक्कम वेगळी काढणारा पार्सर लिहितोय. टेस्ट आधी, कोड नंतर असंच करतोय. पण आता रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधणारं सूत्र) जरा हलवला की जुन्या टेस्ट लाल होतात. आज संध्याकाळपर्यंत हवंय. काय करू?

रिकामीओळ: भाषा कुठली? इनपुट टेक्स्ट की फोटो? फेल होणारी ओळ तरी डकवा.

कोरीकॉपी: पायथन, अर्थात. ओळ:
बॅटरी ९ व्होल्ट २ × ४५.०० ९०.००
यातला ९ नग म्हणून येतो.

जुनाजाणता: रेजेक्स सोडा. थर्मल प्रिंटर ठरावीक रुंदीत छापतो, ८० मिमी कागदावर बहुधा ४२ किंवा ४८ अक्षरं. कॉलम मोजून ओळ कापा, विषय संपला.

रिकामीओळ: फोटो असेल तर कसले कॉलम? टेसरॅक्ट (फोटोतला मजकूर वाचणारा ओसीआर प्रोग्रॅम) सलग स्पेस गिळतो, 'प्रिझर्व्ह इंटरवर्ड स्पेसेस' ही सेटिंग चालू केल्याशिवाय.

कोरीकॉपी: फोटोच आहेत. त्याने काय फरक पडतो?

रिकामीओळ: धन्य! आधी सांगायला काय झालं होतं? ओसीआर टेस्टमध्ये चालवू नका. त्याचं आउटपुट फाइलमध्ये ठेवा, टेस्ट त्या फाइलवर चालवा. आणि ओळ उजवीकडून वाचा: शेवटी रक्कम, तिच्याआधी नग × दर, उरलं ते नाव, त्यात कितीही आकडे असोत. रक्कमच नसलेली ओळ म्हणजे बहुतेक लांब नावाचा तुकडा, तो पुढच्या ओळीला जोडा.

शून्यदोष: फ्लोट (पायथनचे साधे दशांश आकडे) वापरताय का? ०.१ + ०.२ बरोबर ०.३ येत नाही. अचूक दशांश हिशेबाचा डेसिमल प्रकार घ्या. नग × दर = रक्कम आणि सगळ्यांची बेरीज = एकूण, या टेस्ट असल्या की ओसीआरने ८ चा ३ केला तरी बऱ्याचदा पकडला जातो.

जुनाजाणता: पावती कशी येणार हेच माहीत नाही, तर आधी टेस्ट कसली लिहिता? फॅशन आहे नुसती.

शून्यदोष: विचित्र पावती आली की ती आधी टेस्टमध्ये टाकायची, मग कोडला हात लावायचा. यात फॅशन कुठे आली?

फाइलवाले: पावत्या लॅमिनेट करू नका बरं का. थर्मल कागद उष्णतेने काळा पडतो.

रिकामीओळ: लॅमिनेशनचं कोणी विचारलं?

कोरीकॉपी: उजवीकडून धरल्यावर ९ व्होल्ट सुटला, जुन्या टेस्टही हिरव्या. आता सवलतीची ओळ अडतेय, वजाचं चिन्ह शेवटी येतं: १०.००-

शून्यदोष: रक्कम धरताना शेवटचं वजा ऐच्छिक ठेवा, सापडलं तर डेसिमल उणे करा. आधी टेस्ट.

जुनाजाणता: कॉलम मोजले असते तर ही वेळच आली नसती.