वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणं एका ॲपात: ॲप क्लाउडवरचं असावं की घरातलं?

काळी_वायर

बल्ब एका कंपनीचे, प्लग दुसरीचे, पंखा तिसरीचा. बहुतेक जण तिन्ही खाती गूगल होमला किंवा अलेक्साला जोडतात आणि काम झालं म्हणतात. माझं मत: ही जोडणी कच्ची आहे. अशा जोडणीत बटण दाबलं की आज्ञा आधी गूगलच्या सर्व्हरवर जाते, तिथून बल्बवाल्या कंपनीच्या सर्व्हरवर आणि मग परत तुमच्याच हॉलमध्ये. इंटरनेट गेलं की ॲप मुकं. कंपनीनेच सर्व्हर बंद केला तर कायमचं मुकं. अमेरिकेत मे २०१६ मध्ये नेस्टने रिव्हॉल्व्ह हबची (उपकरणं एकत्र जोडणाऱ्या डब्याची) सेवा बंद केली आणि लोकांच्या घरी नुसता डबा उरला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर असेच अचानक गेले.

म्हणून होम असिस्टंट, म्हणजे घरातल्याच छोट्या संगणकावर चालणारं आणि सगळ्या कंपन्यांची उपकरणं एकत्र आणणारं सॉफ्टवेअर. ४ जीबीचा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) किंवा जुना मिनी पीसी चालतो. मेमरी कार्डाऐवजी एसएसडी लावा, कारण हे सॉफ्टवेअर सतत नोंदी लिहीत असतं आणि कार्ड त्यातच मरतं. झिगबी ही सेन्सर-बल्बांची वाय-फायहून वेगळी बिनतारी पद्धत; तिचं डोंगल पायच्या निळ्या यूएसबी पोर्टात खोचू नका. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्ये येतो आणि सेन्सर नेटवर्कमधून गळायला लागतात. काळं पोर्ट घ्या, मध्ये मीटरभर एक्स्टेन्शन वायर टाका. वाय-फाय १ नंबरच्या चॅनलवर असेल तर झिगबी २० किंवा २५ वर ठेवा. हे सुरुवातीलाच ठरवा, नंतर चॅनल बदललं तर काही उपकरणं पुन्हा जोडावी लागतात.

मधली_सुट्टी

असहमत. हे सगळं तुम्ही कराल हो, पण तुम्ही गावी गेलात आणि ते बंद पडलं तर घरातलं कोण बघणार? होम असिस्टंटची नवी आवृत्ती दर महिन्याला येते आणि अधूनमधून एखादं इंटिग्रेशन (एका कंपनीची उपकरणं जोडणारा भाग) मोडतं.

आता मॅटर आहे, सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेली स्मार्ट उपकरणांची सामायिक भाषा. ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिली आवृत्ती आली. उपकरण घरातल्या नेटवर्कवरच बोलतं, कंपनीचा सर्व्हर मध्ये लागत नाही. एकच प्लग गूगल, ॲपल आणि होम असिस्टंट तिघांनाही एकाच वेळी जोडता येतो. मात्र लोक इथे हमखास अडकतात: पहिल्या ॲपात जोडल्यावर दुसऱ्या ॲपात तोच स्टिकर पुन्हा स्कॅन करतात. तो चालत नाही. पहिल्या ॲपात त्या उपकरणाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ते दुसऱ्या ॲपशी जोडण्याचा पर्याय निवडा. नवा, थोडा वेळच चालणारा ११ आकडी कोड मिळतो, तो दुसरीकडे टाका. फोन गेस्ट वाय-फायवर नको आणि राउटरने आयपीव्ही६ (नेटवर्कवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) अडवलेलं नको. गूगल होमला नेस्ट हबसारखं एखादं हब घरात लागतंच, नुसत्या फोनवर भागत नाही.

काळी_वायर

मॅटर चांगलं आहे, पण कागदावर जितकं आहे तितकं ॲपात उतरलेलं नाही. वीजवापर मोजण्याची सोय मॅटरच्या नियमावलीत आली मे २०२४ मध्ये, १.३ आवृत्तीत. ॲपांनी आणि उपकरणांनी ती घेईपर्यंत आणखी वेळ. तोवर एकत्र ॲपात तुमचा प्लग फक्त चालू-बंद. युनिट बघायला परत मूळ ॲप उघडा. त्यामुळे मॅटरवाल्यांनीही मूळ ॲप उडवू नये, फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट बरेचदा तिथूनच येतं.

डब्यावर_काय_लिहिलंय

दोघेही महागाचं बोलताय. आपल्याकडच्या स्वस्त वाय-फाय बल्ब-प्लगांपैकी पुष्कळांच्या आत तुया या चिनी कंपनीचंच इलेक्ट्रॉनिक्स असतं, डब्यावरचा ब्रँड कोणताही असो. अशी उपकरणं ब्रँडच्या ॲपातून काढा, बटण पाचेक सेकंद दाबून दिवा भराभर लुकलुकायला लावा आणि थेट तुयाच्याच स्मार्ट लाइफ ॲपात जोडून बघा. बरीच जोडली जातात. तीन ॲपांचं एक झालं, खर्च शून्य. जोडताना फोन २.४ गिगाहर्ट्झवर हवा. राउटरने दोन्ही बँडना एकच नाव दिलं असेल आणि जोडणी अर्ध्यात तुटत असेल, तर ५ गिगाहर्ट्झ तेवढ्यापुरतं बंद करा.

काळी_वायर

क्लाउड तोच राहिला ना पण!

डब्यावर_काय_लिहिलंय

राहिला. भाड्याच्या घरात मला तो चालतो.

वायरमन_२३०

ॲपावर भांडा खुशाल, पण आधी बोर्ड बघा. भिंतीवरचं बटण बंद केलं की स्मार्ट बल्ब कोणत्याच ॲपाला सापडत नाही, मॅटर असो की क्लाउड. घरात चार माणसं बटण दाबणारी असतील तर बल्ब साधाच ठेवा आणि बटणामागे रिले मॉड्यूल (ॲपाने चालू-बंद होणारा छोटा स्विच) बसवा. त्याला न्यूट्रल (फेजशिवायची दुसरी, परतीची वायर) लागतो. आपल्याकडे बोर्डावर सॉकेट असेल तर न्यूट्रल तिथे आलेलाच असतो, फक्त बटणं असलेल्या बोर्डावर बहुधा नसतो. मेन बंद करून टेस्टरने बघितल्याशिवाय हात घालू नका, आणि सवय नसेल तर वायरमनलाच बोलवा.

गिझर २००० वॅटचा म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ८.७ अँपिअर, ३००० वॅटचा इन्स्टंट म्हणजे १३. दोन्हीला १६ अँपिअरचाच प्लग. १० वाला रोज तापून आतलं काँटॅक्ट चिकटतं, मग ॲप ‘बंद’ म्हणतं आणि पाणी उकळत राहतं.

बीएलडीसी (कमी विजेच्या मोटरचा) पंखा डिमरवर किंवा रेग्युलेटर मॉड्यूलवर टाकू नका, सर्किट जातं. त्याला सरळ सप्लाय द्या आणि वेग त्याच्या रिमोटने किंवा वाय-फायने बदला.

आणि लाइट जाऊन आल्यावर काय व्हावं ते प्रत्येक उपकरणात वेगळं सेट करावं लागतं. न केल्यास रात्री तीनला लाइट आली की बेडरूमचे सगळे बल्ब भक्कन पेटतात. ‘आधीची स्थिती’ निवडा. गिझरला मात्र नेहमी ‘बंद’.

मधली_सुट्टी

वायरमनना +१. आता एसीचं सांगा कोणीतरी. आयआर ब्लास्टरने (रिमोटसारखे सिग्नल सोडणाऱ्या डबीने) एसी कुठल्याही ॲपात आणला तरी ॲप त्याची स्थिती खोटी दाखवतं.

काळी_वायर

कारण आयआर एकतर्फी आहे. ॲपाला फक्त आपण काय पाठवलं ते कळतं, एसीने ऐकलं का ते नाही. झिगबीचा दाराचा सेन्सर एसीच्या झडपेवर चिकटवा: झडप उघडी म्हणजे चालू. दहा सेकंदांत उघडली नाही तर ऑटोमेशनने सिग्नल पुन्हा पाठवायचा. बहुतेक एसीचे रिमोट दर वेळी तापमान, मोड, चालू-बंद अशी पूर्ण स्थिती पाठवतात, म्हणून दोनदा गेला तरी बिघडत नाही. टीव्हीला हे करू नका. तिथे चालू-बंदचा कोड बहुधा एकच असतो, दुसऱ्या सिग्नलला टीव्ही बंद होतो. दार-सेन्सरची अट घालून असं ऑटोमेशन गूगल होममध्ये बसवून दाखवा.

मधली_सुट्टी

झडपेची युक्ती मान्य. पण घराबाहेरून तो एसी लावणार कसा? कित्येक फायबरवाले सीजीनॅट देतात, म्हणजे अनेक घरांना मिळून एकच आयपी पत्ता; मग पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट घरात यायची वाट, चालतच नाही.

काळी_वायर

टेलस्केल, म्हणजे आपल्याच उपकरणांना इंटरनेटवरून सुरक्षित जोडणारं व्हीपीएन. पायवर ॲड-ऑन म्हणून टाका, फोनवर ॲप टाका, दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन. राउटरला हात लावावा लागत नाही. फक्त लाइट गेली तरी चालू राहावं म्हणून राउटर आणि पाय दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.