नर उंदरांच्या लघवीत प्रथिनं मुळातच असतात
उंदराच्या हृदयाची धमनी बांधून झटका आणायचा आणि हृदयाला झालेली इजा मोजायची, अशा प्रयोगांबद्दल ‘सुई टोचावी लागत नाही, म्हणून रक्तातल्या ट्रोपोनिनपेक्षा (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन) लघवीतली प्रथिनं बरी’ असं म्हणतात. हे म्हणणं मला अर्धंच पटलं. एकाच प्राण्याचा नमुना रोज मिळतो, हा फायदा खराच. पण धडधाकट नर उंदराच्या लघवीतही भरपूर प्रथिनं असतात. रॅटमध्ये (मोठ्या उंदरात) अल्फा-२यू-ग्लोब्युलिन, माऊसमध्ये (छोट्या उंदरात) एमयूपी, म्हणजे लघवीतली मुख्य प्रथिनं. ती यकृतात तयार होतात, नर संप्रेरकांमुळे वाढतात, आणि माऊस तर त्यांच्या वासाने आपली हद्द आखतो! या गर्दीतून हृदयातून आलेलं चिमूटभर प्रथिन हुडकायचं म्हणजे कसरतच. माणसाच्या लघवीत हा गोंधळ नसतो, त्यामुळे निष्कर्ष जसेच्या तसे उचलता येत नाहीत.

हृदयाच्या स्नायूतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाचं म्हणाल तर ते जेमतेम १७ किलोडाल्टन वजनाचं, मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहज निसटतं. हृदयाच्या स्नायूतलंच सीके-एमबी हे एन्झाइम त्याच्या पाचपट जड, ते अडकतं. मात्र मायोग्लोबिन हातापायांच्या, छातीच्या स्नायूंतही असतं. धमनी बांधायला छाती उघडली की तेवढ्यानेही ते वाढू शकतं. म्हणून छाती उघडून, दोरा ओवून, पण गाठ न मारलेला गट तुलनेला होता का, हे मी आधी बघतो.