सिनेमात दारू एका सीनमध्ये सुटते, पुढचं का दाखवत नाहीत?

पुनश्च
परवा रात्री टीव्हीवर कबीर सिंग लागला होता. आधी पाहिलेला होता तरी बसलो आणि मधेच उठलो, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून लिहितोय. मला दारू सोडून सहा वर्षं झाली, हे आधीच सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. हिरो सर्जन आहे, प्रेमभंगानंतर रोज पितो, ड्रग्ज घेतो, ऑपरेशन करता करता कोसळतो, लायसन्स जातं. इथपर्यंत सगळं तब्येतीत दाखवलंय. मग आजी जाते आणि याचं सगळं सुटतं! कसं सुटलं, किती दिवस लागले, मधे काय झालं, काहीच नाही.

माझे पहिले चार दिवस मला आठवतात. हॉस्पिटलात होतो. बायको थर्मासमधून चहा आणायची, कप बशीवर इतका वाजायचा की शेजारच्या कॉटवरचा माणूस बघायला लागायचा, शेवटी तिने स्टीलच्या पेल्यात दोन घोट ओतले आणि पेला स्वतः धरला. तिसऱ्या रात्री मला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसत होती, ती तिथे नव्हती. डॉक्टर नंतर म्हणाले, इतकी वर्षं रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, माणूस दगावूही शकतो, म्हणून औषधं देऊन देखरेखीखाली सोडवतात. आता आमच्याकडे लोकांना काय माहितीये? मनावर घेतलं की सुटते. खोलीत कोंडा, दोन दिवस ओरडेल, मग गप्प होईल. हे कुठून आलं डोक्यात? मला वाटतं बरंचसं पडद्यावरून आलंय. पिण्याला अख्खा इंटरव्हलपर्यंतचा वेळ आणि सुटण्याला एक गाणं, यावर माझा राग आहे.

तिकीटबारी
तुमच्याबद्दल आदर आहे, मनापासून. पण मुद्दा पटला नाही. सिनेमा म्हणजे आरोग्य खात्याची फिल्म नाही ना. लव्हस्टोरी लग्नावर संपते, पुढचा संसार कोणी दाखवत नाही, म्हणून लोकांना संसार सोपा वाटतो असं थोडंच आहे. दिग्दर्शकाला जे सांगायचंय त्याला तो वेळ देणार. आणि बदल झालाच नाही असंही नाही. देवदास बघा, १९३६ चा सैगलचा, १९५५ चा दिलीपकुमारचा, २००२ चा शाहरुखचा, तिन्हीत शेवट एकच, पारोच्या दारात मरायचं. २००९ ला देव डी आला आणि त्यातला देव जगतो. माझ्या कॉलेजच्या दिवसांत ही मोठी गोष्ट होती, की हा माणूस मेला नाही तरी चालतं. उडता पंजाबला तर २०१६ मध्ये हायकोर्टात जावं लागलं, सेन्सॉरला ढीगभर कट हवे होते, कोर्टाने एकच ठेवला. असं भांडून लोक या विषयावर पिक्चर काढतात आणि आपण म्हणायचं की बाबा तिसऱ्या रात्रीच्या मुंग्या का नाही दाखवल्या. अशा अटी घातल्या तर या विषयाला कोणी हात लावणार नाही, उरेल फक्त कोपऱ्यातली सूचनेची पट्टी.

चिंचेचं_झाड
दोघांनीही हिंदीच धरलंय म्हणून आठवण करून देते. एकच प्याला १९१९ साली रंगभूमीवर आलं, गडकरी तेव्हा हयातही नव्हते. सगळ्यांना तळीराम आठवतो, पण त्यात सुधाकर मधे दारू सोडतो हे किती जणांच्या लक्षात आहे? सोडतो, काम मागत फिरतो, आणि लोक त्याचा मागचा लौकिक विसरत नाहीत, अपमान करतात, आणि तो परत प्याल्याकडे जातो. म्हणजे आजच्या भाषेत स्लिप. ती का झाली हेसुद्धा दाखवलंय, नुसता मनाचा दुबळेपणा म्हणून सोडून दिलेलं नाही. शंभर वर्षांपूर्वी नाटककाराला हे सुचत होतं, तर 'कथेत जागा नसते' हे कारण मला मान्य नाही. जागा असते, करावी लागते.

मृ_सातारा
एकच प्याला निघालंच आहे तर मी बोलते. माझा नवरा पंधरा वर्षं प्यायचा, आता आठ वर्षं बंद आहे. शाळेत असताना मीही सिंधूसाठी रडले होते. पुढे स्वतःचं लग्न झाल्यावर मला त्या सिंधूचा राग यायला लागला. जात्यावर दळते, मार खाते, मूल जातं, आणि मरतानाही नवऱ्याला वाचवते. आणि माझी सासू मला हेच सांगायची, बाईने सहन केलं की पुरुष सुधारतो. सिनेमातल्या बायका अजून तेच करतात. फरक इतकाच की आता ती जीन्समध्ये असते. कुणीतरी प्रेमाने मिठी मारते आणि तो बाटली फेकतो. अहो, प्रेम मीही केलं होतं! मी त्याच्या ऑफिसात फोन करून त्याला ताप आलाय म्हणून खोटं सांगायचे, उधाऱ्या भागवायचे, उलटी पुसायचे. मला वाटायचं मी त्याला सांभाळतेय. समुपदेशक बाईंनी पहिल्यांदा सांगितलं की तुम्ही त्याची दारू सोपी करताय. मी त्या दिवशी बसमध्ये रडत आले.

ते मला कुठल्याच पडद्यावर दिसलं नाही. बाईचं बरं होणं वेगळं असतं हो. तुम्ही सगळे पिणाऱ्याचं बोलताय.

पुनश्च
ताई, हे वाचून मी थांबलोच. तुम्ही म्हणता ते मी धाग्यात लिहायला हवं होतं. माझ्या बायकोनेही असे फोन केले आहेत.

दुसरी_पाळी
मी एका व्यसनमुक्ती केंद्रात बरीच वर्षं काम करतोय, नाव नको. माझं म्हणणं पुनश्च यांच्या थोडं उलट आहे. जास्त दाखवा, खरं दाखवा म्हणताय, पण बघणारा कोण आहे तेही धरा. आमच्याकडे रविवारी हॉलमध्ये पिक्चर लावायचो. एकदा अशा पिक्चरमध्ये फॉइल, खाली लायटर, वर जाणारा धूर, एकदम जवळून. हॉलमध्ये चाळीस पोरं, इतका वेळ कुजबूज चालू होती ती एकदम बंद झाली. पुढच्या रांगेतला एक मुलगा, गर्द म्हणजे ब्राउन शुगर सोडून तीन आठवडे झालेला, तो पँटवर तळवे घासत होता, त्याला कळतही नव्हतं. त्या रात्री तिघांनी घरी जायचं म्हणून हट्ट धरला. तेव्हापासून आम्ही आधी बघितल्याशिवाय काही लावत नाही. दिग्दर्शकाने ते व्यसनाविरुद्धच दाखवलं होतं, पण क्रेव्हिंगला, म्हणजे आतून उठणाऱ्या तलफेला, ते कळत नाही, त्याला फक्त फॉइल दिसतो.

आणि उडता पंजाबचं कौतुक चाललंय, मलाही तो आवडतो. लॉकअपमध्ये गायकाला त्याचीच फॅन असलेली दोन पोरं भेटतात ज्यांनी ड्रगच्या पैशासाठी आईला मारलंय, तो सीन मी विसरू शकत नाही. पण केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरचं काय होतं? उपचाराला ठेवलेल्या पोराच्याच हातून ती मरते. आमच्याकडे पालक आधीच घाबरत येतात, की आत मारतात का, बांधून ठेवतात का, बाकीचे पोराला अजून बिघडवतील का. देशात २०१९ च्या सरकारी सर्वेक्षणात दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले पावणेसहा कोटींच्या आसपास निघाले, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकाला कसलेतरी उपचार मिळालेले. बाकीचे दारापर्यंतही पोचत नाहीत. हे दार पडद्यावर दिसतं तेव्हा एकतर तुरुंगासारखं दिसतं नाहीतर परदेशातलं हिरवळीचं रिसॉर्ट. मुक्तांगण पुण्यात १९८६ पासून आहे, सुनंदा आणि अनिल अवचटांनी सुरू केलं, पुलं-सुनीताबाईंनी पैसे दिले, हे मराठी माणसाला पाठ आहे. पण आत दिवस कसा जातो, सकाळी काय, गटात कोण काय बोलतं, बायकांचा वेगळा गट कशासाठी, हे पडद्यावरून कोणाला कळलंय?

तिकीटबारी
हॉलमधल्या मुलाचं वाचून मी माझी कमेंट परत वाचली. बंदी नको हे माझं कायम आहे. पण एक प्रामाणिकपणे विचारतो, चिडून नाही. केंद्रातला दिवस म्हणजे उठणं, योगा, गटात बसणं, जेवण. यात लेखक नाट्य कुठून आणणार? प्रेक्षक दोन तास का बसेल?

मृ_सातारा
आमच्या घरी नाट्य होतं, सांगते. बंद केल्यावर चौथ्या महिन्यात भावकीत हळद होती. गावाकडे हळदीला काय असतं सगळ्यांना माहितीये, मांडवाच्या मागे बाटल्या आणि चुलतदीर ओरडून बोलावतोय, एकानं काय होतंय. हा म्हणाला मी जाऊन येतो, भेटलो नाही तर माणसं नावं ठेवतील. मी स्वयंपाकाच्या बायकांत पुऱ्या लाटत होते आणि माझं लक्ष मांडवाच्या त्या कापडाकडे. पंधरा मिनिटं. हा बाहेर आला तेव्हा हातात लिंबू सरबताचा ग्लास, तो माझ्यासमोर आणून ठेवला आणि म्हणाला वास घेऊन बघ. बायकांसमोर मला लाज वाटली पण मी घेतला वास. लेखकाला यात काही मिळत नसेल तर माझं काही म्हणणं नाही.

पुनश्च
तिकीटबारी, हेच उत्तर मी द्यायचा प्रयत्न करत होतो, ताईंनी दिलं. दुसरी_पाळी, तुमचंही पटलं. माझे थरथरणारे हात दाखवा असं मी म्हणत होतो, पण मला खरं हवंय ते नंतरचं, जिथे बाटली फ्रेममध्ये नसतेच. आमच्या कोपऱ्यावर परमिट रूम आहे, त्यावरून जायला नको म्हणून मी आठ महिने मागच्या गल्लीने लांबून घरी आलो, पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी असायचं. अजून ऑफिसात उशीर झाला की बायको दार उघडून बॅग घेताना जरा जास्त जवळ येते. काही बोलत नाही. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा, सोडल्यानंतरसुद्धा विश्वास नाही म्हणून. आता मीच चपला काढायच्या आधी तिच्याकडे तोंड करून 'आलो गं' म्हणतो.

दुसरी_पाळी
हे मी उद्या गटात वाचून दाखवलं तर चालेल का? नाव सांगणार नाही. ताईंची हळदही.

मृ_सातारा
चालेल. त्या पुढच्या रांगेतल्या मुलाचं पुढे काय झालं?

दुसरी_पाळी
दोनदा घसरला, दोनदा परत आला. आता चाकणला कंपनीत आहे, दर महिन्याला फॉलोअपला येतो.