लीड्सला पबात जायचंय: कास्क एल शाकाहारी माणसाला चालते का?

उदगीरकर
मंडळी, पुढल्या महिन्यात पोराकडं इंग्लंडात लीड्सला जायलोय. पोरगं म्हणायलंय, अप्पा, जुन्या पबात नेतो, कास्क एल, म्हणजे तिथली पिंपातली बिअर, पाजतो. आपल्याला उन्हाळ्यात ढाब्यावरची गारेगार बाटली माहीत. तिथं म्हणे कोमट देतात, खरंय का? दुसरं, मी मांसमच्छी खात नाही. त्यात माशाचं काहीतरी असतं असं एकानं सांगितलं. थट्टा केली का खरंच? टिप किती द्यायची तेही सांगा.

वाळूजचा निवृत्त
उदगीरकर, मी वाळूजला एका ब्रुअरीत फिल्ट्रेशनला होतो. आता लेक यॉर्कशायरला, लीड्सच्याच भागात असते, जाणंयेणं असतं.

कोमट नाही हो. पिंप तळघरात ११ ते १३ अंशांवर ठेवतात. मे महिन्यात उदगीरहून गेलेल्याला ती गारच लागंल. खरा फरक वेगळा आहे. आम्ही बिअर गाळून यीस्ट काढायचो, बाटली पाश्चराइझ करायचो, म्हणून ती दुकानात महिनोन्महिने टिकते. कास्कमधी, म्हणजे पिंपात, यीस्ट जिवंत असतं. पिंपातच ती पुन्हा थोडी आंबते, गॅस तिथंच तयार होतो, वरून भरत नाहीत. बुडबुडे कमी त्यामुळंच. हँडपंपानं ओढून देतात, तेव्हा काढली तेवढी हवा पिंपात शिरते. म्हणून उघडलेलं पिंप तीनेक दिवसांत संपवावं लागतं. नऊ गॅलनचं पिंप म्हणजे ७२ पाइंट, ते खपायला गिऱ्हाईक पाहिजे. आठ पंप, म्हणजे आठ पिंपं उघडी, आन् माणसं चारच, अशा ठिकाणी मी सरळ लागर, म्हणजे आपल्या बाटलीसारखी गार बिअर घेतो. तिथं एल आंबूस निघाली तर नवल नाही.

माशाचं खरं आहे. यीस्ट लवकर तळाला बसावं म्हणून आयझिंग्लास घालतात, ते माशाच्या हवेच्या पिशवीपासून करतात. बहुतेक गाळातच राहतं, पण तुमचा नियम कडक असंल तर नकोच. हल्ली बऱ्याच ब्रुअऱ्या त्याशिवाय करतात, ती जराशी गढूळ दिसू शकते. काउंटरवर ‘व्हेगन आहे का?’ असंच विचारा. ‘व्हेजिटेरियन’ म्हणालो तर माझ्या हातात जेवणाचं मेनूकार्ड दिलं होतं.

लातूरची माहेरवाशीण
काका, टेबलावर बसून वाट बघू नका, काउंटरवर जाऊन मागायचं आणि तिथंच पैसे द्यायचे. रांग दिसत नाही, पण आधी कोण आलं ते सगळ्यांच्या ध्यानात असतं. नुसतं प्यायला टिप लागत नाही. पाइंट ५६८ मिलीचा असतो, हाफ मागायला लाजू नका. घोटभर चाखायला मागितलं तरी सहसा देतात. आणि मुलाच्या मित्रांनी एक राउंड, म्हणजे सगळ्यांना एकेक पेला, पाजला तर पुढचा तुमचा, हे मात्र विसरू नका!

उदगीरकर
लई उपकार. चढते किती?

वाळूजचा निवृत्त
साधी बिटर, म्हणजे तिथली नेहमीची कडवट एल, साडेतीन ते साडेचार टक्के. आपल्या स्ट्राँगच्या निम्मी धरा. यॉर्कशायरमधी नळाच्या तोंडाला बारीक भोकांचा स्पार्कलर लावतात, त्यानं फेस सायीसारखा येतो. लंडनकडचे त्याला नाकं मुरडतात. मुरडू द्या. ही बिअर टिकली तीच भांडून: मोठ्या कंपन्या गॅसवाली केग बिअर गळ्यात मारायला लागल्या, तवा पिणाऱ्यांनी १९७१ साली ‘कॅमरा’ ही संघटना काढली.

उदगीरकर
पोराला धागा धाडला. त्याच्या जवळच्या पबात सहा पंप आहेत म्हणे, गर्दी शुक्रवारीच. मंग शुक्रवारी जातो.

वाळूजचा निवृत्त
जा, पण पाचच्या आत. नंतर उभं राहून प्यावी लागंल.