मदत हवी आहे: ऑर्किडला पानं भरपूर, फुलांचा पत्ता नाही

नमस्कार मंडळी. कोथरूडला आमची पूर्वेची गॅलरी आहे, सकाळी दहापर्यंत ऊन, मग सावली. डेंड्रोबियम जातीच्या ऑर्किडबद्दल तक्रार नाही, ती आपली वेळेवर फुलतात. रुसलंय ते दुसऱ्या जातीचं ऑर्किड, फॅलेनॉप्सिस. नर्सरीतून आणलं तेव्हाची फुलं गळली, त्यानंतर नुसती पानंच.

तब्येत मात्र ठणठणीत. पानं रुंद, गडद हिरवी. मुळं जाडजूड, कोरडी असताना चंदेरी, पाणी घातलं की दोन मिनिटांत हिरवीगार. कुंडीत कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे, माती अजिबात नाही. अधूनमधून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं खत) खूप पातळ करून फवारते.

रात्रीचं तापमान काही आठवडे १५ ते १८ अंशांच्या आसपास राहिलं की याला फुलांचा दांडा फुटतो म्हणतात. पुण्यात दिवाळीच्या सुमारास ते फुकटात मिळतं! पण पुढे पारा १० पर्यंत उतरतो, म्हणून थंडीची चाहूल लागताच मी कुंडी घरात घेते. गोम इथेच आहे का? की पानं एवढी गडद म्हणजे उजेडच कमी पडतोय?

शेजारच्या काकू म्हणतात, मोगऱ्याला देतात तसा पाण्याचा ताण दे, म्हणजे काही दिवस पाणी तोड. पण डेंड्रोबियमसारखी पाणी साठवणारी फुगीर खोडं याला नाहीत, त्यामुळे धीर होत नाही.

पुण्यात घरच्या घरी ज्यांनी हे पुन्हा फुलवलंय, त्यांनी कृपया सांगा: बाहेर कधीपर्यंत ठेवता, आणि त्या काळात खत कोणतं देता? फोटो टाकलात तर फारच छान.