रोजच्या नोकरीला दोन सीटची एमएक्स-५: घ्यावी, की हा वयाचा चळ आहे?

पसरणीकर

मंडळी, सल्ला पाहिजे. आधी परिस्थिती ऐका, मग हसा.

मी राहतो इंग्लंडात बक्स्टनला, नोकरी मॅकल्सफिल्डला. मधे ए-५३७, म्हणजे इथला नावाजलेला 'कॅट अँड फिडल' रस्ता. जाऊन-येऊन रोज साधारण २४ मैल. वळणंच वळणं, दोन्ही बाजूंना मेंढ्या, माथ्यावर पाचशे मीटरच्या वर एक जुना पब. मर्यादा ताशी ५० मैलांची, आणि तीसुद्धा सरासरी वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांच्या पहाऱ्यात. त्यामुळे इथे कुणी शूमाकर होऊ शकत नाही, आणि मला व्हायचंही नाही.

हा रस्ता मी सात वर्षं सात सीटच्या डिझेल गाडीनं काटतोय. गाडीचं वजन अठराशे किलोच्या आसपास. आत मी एकटा आणि जेवणाचा डबा. थोरली लीड्सला शिकायला गेली. धाकटा पंधराचा, त्याला माझ्याबरोबर कुणी पाहिलेलं चालत नाही. हिची स्वतःची छोटी हॅचबॅक आहे. परवा गाडी आतून धुताना लक्षात आलं, तिसऱ्या रांगेतल्या एका सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही.

त्यात ऑफिसातल्या एकानं त्याची माझ्दा एमएक्स-५ चालवायला दिली. एनडी, म्हणजे २०१५ पासूनची चौथी पिढी. दीड लिटरचं इंजिन, वजन जेमतेम टनभर. घाटाच्या तिसऱ्या वळणावर मला आबा आठवले.

आबा वाई डेपोला एसटीचे ड्रायव्हर होते. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर पसरणीच्या घाटानं पाचगणीला जायचो, त्यांच्या शेजारी इंजिनाच्या तापलेल्या झाकणावर पोतं टाकून. खाली धोमचं पाणी दिसायला लागलं की ते हटकून सांगायचे, "गाडी हातानं नाय चालवायची, बुडानं चालवायची. मागचं चाक काय करतंय ते बुडाला आधी कळतं." माझ्या डिझेल गाडीत बुडाला काहीच कळत नाही, सोफ्यावर बसून टीव्हीवर रस्ता बघावा तसं वाटतं. या गाडीत कळलं. ४५ च्या वेगानं, कायद्यात राहून, घरी पोचेपर्यंत मी हसत होतो.

आता अडचणी. वय ४८, कमरेची एक चकती आधीच रुसलेली. इथे बर्फ पडतो आणि गाडी मागच्या चाकांवर चालणारी. डिकी १३० लिटरची, म्हणजे पिशवीच म्हणायची. डोक्यावर कापडी छत. हिचं मत एका वाक्यात: "तुला स्कूटर घेऊन दिली असती, स्वस्तात भागलं असतं."

कुणी अशी गाडी रोज वापरलीय का? रविवारी नव्हे, रोज.

---

वसुधाताई_हॅरो

मी गाड्यांतली तज्ज्ञ नाही, पण दोन मुलं, सासूबाई आणि वीस किलोचं आट्याचं पोतं यांची वाहतूक अठरा वर्षं केलीय, म्हणून बोलते.

अहो, भारतातून माणसं आली की काय करणार? माणशी दोन बॅगा, एकेक तेवीस किलोची, त्यात निम्म्या कुरडया. मँचेस्टर विमानतळावर १३० लिटरची डिकी उघडून उभे राहाल तेव्हा आईवडिलांचे चेहरे कसे होतील?

एक करा. मागच्या वर्षाचं कॅलेंडर काढा आणि तुमच्या गाडीच्या मागच्या सीटवर कोण किती दिवस बसलं ते मोजा. अंदाजानं नको, खरंच मोजा.

---

कोव्हेंट्रीचा_मिस्त्री

पसरणीकर, पोटापाण्याला मी सस्पेन्शनचंच काम करतो, म्हणून थोडं सविस्तर.

आबांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, आणि त्याला कारण आहे. एमएक्स-५ मधे इंजिन पुढच्या आसाच्या मागे सरकवलंय आणि वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं वाटलंय. तुमची बैठक मागच्या चाकांना जवळ आणि जमिनीलगत. मागचं टायर जरा सरकू लागलं की पहिली खबर कमरेलाच. मोठ्या गाडीत तुम्ही मधोमध आणि उंचावर बसता. शिवाय अठराशे किलो आवरायला स्प्रिंगा कडक, टायर रुंद, ब्रेक मोठे. म्हणजे परत वजन वाढलं. मग ते सगळं जाणवू नये म्हणून सांध्यांत जाड रबरी बुश, म्हणजे धक्के गिळणाऱ्या गाद्या. हे चक्र उलटं फिरवलं की हलकी गाडी होते. १६ इंची चाकं आणि १९५ रुंदीचं टायर एवढ्यावर भागतं. म्हणून तुमच्या रस्त्याला दीड लिटरवालीच घ्या. तिची १३१ अश्वशक्ती इंजिनाच्या मिनिटाला सात हजार फेऱ्यांना मिळते, म्हणजे गिअर वापरावे लागतात आणि इंजिन पिळावं लागतं, पण तेही पन्नासच्या आत राहून करता येतं. दोन लिटरवाली जास्त पळते हे खरं. पण कॅमेऱ्यासमोर पळून जाणार कुठे?

कमरेचं आणि उंचीचं: २०१८ च्या सुधारणेत स्टिअरिंग पुढे-मागे सरकवायची सोय आली. त्याआधीच्या एनडीत ते फक्त वर-खाली होतं. कमरेचं दुखणं असेल तर ही एक गोष्ट बाकी सगळ्या चकचकाटापेक्षा मोलाची. तेव्हा २०१८ च्या शेवटची किंवा नंतरची शोधा.

छत गुंडाळून बसतं तिथल्या दोन कोपऱ्यांत पाणी जायची भोकं असतात. ती पानांनी तुंबली की पाणी आत मुरतं. पहिल्या दोन पिढ्यांतल्या कितीतरी गाड्या अशाच, दाराखालच्या पट्टीत आतून सडल्या. वर इथलं हिवाळ्यातलं मीठ. गाडी झाडाखाली लावत असाल तर दर शरद ऋतूत भोकं साफ करायची आणि वसंतात पोटाखालून धुऊन काढायची. स्टेपनी नाही, फक्त पंक्चरचं किट मिळतं. समोर ग्लव्ह बॉक्सही नाही, खण आहे तो दोन सीटच्या मधे मागे. कागद काढायला योगासन करावं लागतं.

बर्फाचं उत्तर एकच, हिवाळी टायर. सात अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर ताठरतं, मग चाक पुढचं ओढो की मागचं. कुणी डिकीत वाळूचं पोतं ठेवा म्हणेल, त्यांना माझा नमस्कार सांगा.

जाता जाता: ही कल्पना मूळची तुमच्या-माझ्या या बेटावरचीच, एमजी आणि लोटस एलान या जुन्या इंग्रजी गाड्यांकडून आलेली. एमजीची एमजीबी ही गाडी १९८० मधे ॲबिंग्डनच्या कारखान्यात बंद पडली. त्याच्या वर्षभर आधी बॉब हॉल नावाच्या अमेरिकन पत्रकारानं माझ्दाच्या केनिची यामामोटोंना असली साधी, हलकी, उघडी गाडी करा म्हणून सुचवलं होतं. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९८९ मधे, शिकागोच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. इंग्रजांनी सोडलेला धंदा माझ्दाच्या हिरोशिमावाल्यांनी चालवला.

---

माजी_लोटसवाला

मी नॉर्फोकात आहे, लोटसचा हेथेलचा कारखाना इथून लांब नाही. त्या हवेचा परिणाम म्हणून मी एकेकाळी पहिल्या पिढीची लोटस एलिस चौदा महिने रोज कामावर नेली. १९९६ ची ती रचना, ॲल्युमिनियमचे भाग वितळजोड न करता चक्क चिकटवून केलेला सांगाडा, वजन सव्वासातशे किलोच्या आसपास. चालवताना स्वर्ग. पण त्या सांगाड्याची दाराखालची भिंत एवढी रुंद आणि उंच की छत लावलेलं असताना आत जाणं म्हणजे मोरीच्या खिडकीतून घरात शिरणं. ऑफिसच्या काचेतून लोक चहा घेऊन बघायचे. मी तेव्हा ९२ किलोचा होतो. दोष गाडीचा नाही, माझ्या पोटाचा आणि गुडघ्यांचा.

सांगायचा मुद्दा, हलकेपणातही पायऱ्या असतात. एलिस ही सणाची. एमएक्स-५ ला हीटर आहे, कापडी छत एका हाताने, बसल्या जागेवरून मागे टाकता येतं, आणि तिच्यात माणसासारखं बसता येतं. घ्या.

बसायची पद्धत: आधी बूड टेकवा, मग दोन्ही पाय एकत्र आत. उतरताना उलट. एक पाय आत टाकून वाकलात की चकतीचं भांडण सुरू.

---

फोंड्याचा_पाव

अवांतर आहे, पण राहवत नाही. आमच्या गोव्यात नव्वदीच्या शेवटी 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन सीटची उघडी गाडी व्हायची. फायबरची बॉडी, रेनोचं १.२ चं इंजिन. मी शाळेत होतो. पणजीच्या फेरीवर एक लाल बघितली आणि गणिताच्या वहीचं मागचं पान भरून तीच काढली. पुढे ती कंपनी आटोपली. माझ्दा आपल्याकडे विकायलाच नाही. तुम्हाला मिळतेय तर विचारता काय?

---

पसरणीकर

सगळ्यांचे आभार.

ताई, मोजलं. हिच्यासमोर बसून, कॅलेंडर आणि फोनमधले फोटो बघून. मागच्या वर्षी गाडीची मागची बाजू खरंच कामी आली असे दिवस अकरा. त्यातले चार विमानतळाचे, दोन दिवाळीचे, एक दिवस धाकट्याचा दात काढला तो. बाकीचे लेकीचं सामान पोचवायचे, म्हणजे सीट पाडूनच. हिने आकडा बघितला आणि म्हणाली, "अकरा दिवसांसाठी आपण ३६५ दिवस बस पाळलीय." मी गप्प बसलो. जिंकत असताना गप्प बसावं, हे लग्नाच्या बावीस वर्षांत शिकलोय.

मिस्त्री, २०१९ ची बघतोय. दीड लिटरच.

---

वसुधाताई_हॅरो

दात काढायचा दिवस तुमच्या हिच्या हॅचबॅकमधे भागला असता. म्हणजे दहाच.

---

पसरणीकर

सात महिन्यांनी परत येतोय. धागा वर काढल्याबद्दल माफी, पण काहीजणांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं, म्हणून इथेच लिहितो.

नोव्हेंबरात घेतली. राखाडी, दीड लिटर. हिवाळी टायरांचा संच वेगळ्या चाकांवर चढवून घेतला, तो खर्च सुरुवातीला टोचला. जानेवारीत दोन दिवस रस्ताच बंद होता, तेव्हा कुठल्याच गाडीनं गेलो नसतो. तीन दिवस भीती वाटली म्हणून हिची हॅचबॅक नेली. बाकी सगळे दिवस हीच. एकदा माथ्यावर कुळथाच्या पिठल्याएवढं दाट धुकं आणि खाली चिखल झालेला बर्फ, तरी सरळ आली. मी मात्र घरी आल्यावर दहा मिनिटं कोटासकट खुर्चीत बसून होतो.

गैरसोयी खऱ्या आहेत. मोटारवेवर ७० ला छताचा आवाज एवढा की फोनवर बोलणं विसरा. डिकीत दोन छोट्या केबिन बॅगा मावतात, आट्याचं पोतं शेजारच्या सीटवर बसतं आणि त्याला पट्टा लावला नाही तर गाडी सारखी बीप करते. सुपरमार्केटात दोन मोठ्या गाड्यांच्या मधे लावली की परत सापडत नाही. कंबर, आश्चर्य म्हणजे, बरी आहे. लोटसवाल्यांची बूड-आधी पद्धत आता डिझेल गाडीवाल्या साहेबांनाही शिकवलीय. इंधन गॅलनला ४३-४४ मैल मिळतं. जुनीला ३७ च्या वर कधी पाहिलं नाही, पण ती डिझेल आणि ही पेट्रोल, तेव्हा पैशात फार फरक नाही.

जुनी गाडी एका पंजाबी कुटुंबानं घेतली, पाच मुलं. तिसऱ्या रांगेतलं प्लास्टिक त्यांच्या धाकटीनं माझ्या दारातच टराटरा फाडलं.

ताई, विमानतळाचं: गेल्या महिन्यात आबा आले, एकटेच. मी आणि आबा या गाडीत, बॅगा हिच्या गाडीत. तुमचा अंदाज चुकला, कुरडया नव्हत्या, सांडगे होते.

आबा आता ७९ चे. आधी बूड, मग पाय, हे त्यांना सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन होतं म्हणून छत उघडून त्यांना मॅकल्सफिल्डच्या बाजूनं वर आणलं. टोपी हातात धरून बसले होते. मला वाटलं विचारतील केवढ्याला घेतली, ॲव्हरेज किती देते. काही नाही. मेंढ्यांकडे पाहिलं नाही, दरीकडे पाहिलं नाही, नजर पुढच्या वळणावर. मधेच त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा, जिथे ब्रेक नव्हता तिथे.

पब येण्याआधी एक उजवं वळण आहे, आत आवळत जाणारं. त्याच्या तोंडाशी ते पहिल्यांदा बोलले.

"तिसऱ्यात घे."

मी चौथ्यात होतो. घेतली.