केन्यात चर्चच्या क्वायरला (गायकगटाला) शिकवायला ६ महिने जायचंय, कुणी गेलंय का?

पांढरीपाच_सोलापूर
सलाम सगळ्यांना. मी सोलापूरचा, वय २७, एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्सला आहे आणि बारावीपासून आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) पेटी आणि कीबोर्ड वाजवतो. मागच्या नाताळात पाळकसाहेबांच्या ओळखीतले केन्यातले एक पाळक आले होते, किसुमूकडचे, त्यांनी रविवारची उपासना ऐकली आणि म्हणाले आमच्याकडं पोरं गातात लई भारी पण वाजवणारं कुणी नाही, सहा महिने येऊन शिकवशील का, राहणं-जेवण मंडळी बघेल, तिकीट तुझं तू. तेव्हा होय म्हणून गेलो, आता त्यांचं पत्रच आलंय आणि मला मनापासून जायचंय.
अडचण अशी की मला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेलं पाश्चात्य संगीत, वाचता येत नाही, माझं सगळं सारेगम आणि कानावर, मग मी तिथं शिकवणार काय? पेटी नेऊ की कीबोर्ड? व्हिसाचं काय? आई आजारपणाला घाबरतीय. आणि इथं माझ्यामागं वाजवायला कुणीच नाही, हे सगळ्यात जास्त टोचतंय. एकजण म्हणाला त्यापेक्षा इंग्लंडचं बघ, तेही सांगा.

मिरजकर_टेनर
दादा मी केन्यातच चार महिने होतो, म्हणून सविस्तर लिहितो. नोटेशनची काळजी सोड. तिकडच्या बऱ्याच क्वायर स्टाफ वाचतच नाहीत, त्या टॉनिक सोल्फा वाचतात, म्हणजे डो रे मी फा सो ला टी, पण नुसती पहिली अक्षरं लिहिलेली, मात्रा वेगळ्या करायला मध्ये दोन टिंबं आणि सूर लांबवायचा असेल तर आडवी रेघ. १९व्या शतकात इंग्लंडमध्ये सारा ग्लोव्हरबाईंनी सुरू केलं, जॉन कर्वेननी वाढवलं आणि मिशनऱ्यांबरोबर आफ्रिकेत गेलं, आपल्या मिझोरामच्या मंडळ्याही यावरच गातात. यात डो आपल्या सा सारखाच सरकतो. वर 'डो जी' लिहिलं असेल तर जी हा इंग्रजी सूर तुझा सा, म्हणजे पेटीची पांढरी पाच, झालं. मी पहिल्या आठवड्यात ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर एका खाली एक चार ओळी लिहून घेतल्या, सोप्रानो अल्टो टेनर बेस, म्हणजे बायकांचे दोन आणि पुरुषांचे दोन आवाज, उंचापासून खालच्यापर्यंत, आणि शेजारी माझं सारेगम लिहिलं, तिसऱ्या दिवशी एक पोरगी माझंच सारेगम बघून मला माझी चूक दाखवत होती.
तुला शिकायचंय ते चार आवाज एकत्र ऐकणं, कारण आपण सगळे एकाच सुरात गातो आणि पेटीपण गाण्याच्या मागंमागं जाते. तिथं तसं चालत नाही, कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार सूर, धरून बसावं लागतं. जायच्या आधी सहा-सात गायनं (चर्चमधली भक्तिगीतं) चार भागांत स्वतः गाऊन बघ.
कीबोर्ड ने, पण बॅटरीवर चालणारा, आमच्याकडं लाइट जायची आणि सराव तिथंच थांबायचा. प्लग चौकोनी तीन पिनांचा लागतो.
आईला सांग, यलो फीव्हरची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यायची, ती पुण्या-मुंबईसारख्या ठिकाणच्या ठराविक केंद्रांवरच मिळते, कार्ड जपून ठेव, परत येताना इथल्या विमानतळावर मागतात आणि नसेल तर वेगळं ठेवतात. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर, मलेरिया आहे, गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. आणि नैरोबीत उतरणार असशील तर जुलैत थंडी असते बाबा, एक सोलापुरी चादर टाक बॅगेत, मी कुडकुडलो होतो.
व्हिसाच्या जागी जानेवारी २०२४ पासून ईटीए, म्हणजे ऑनलाइन काढायची प्रवासाची परवानगी, आहे पण तो पर्यटनाचा काढून शिकवायला बसू नकोस, धार्मिक आणि सेवाभावी कामाचं परमिट वेगळं असतं, क्लास आय म्हणतात, ते तिथल्या मंडळीनं काढायचं, त्यांना आत्ताच स्पष्ट विचार.

अल्टोताई
मी इंग्लंडला वर्षभर होते. तिथं चॅरिटी वर्कर (सेवाभावी कामाचा) व्हिसा लागतो, जास्तीत जास्त १२ महिने, पगार अजिबात नाही. बोलावणाऱ्या संस्थेकडं सरकारचं स्पॉन्सर लायसन्स (बाहेरच्यांना बोलावण्याचा परवाना) हवं, सरकारी यादी ऑनलाइन आहे तीत नाव बघायचं. राहण्याची हमी त्यांनी दिली नाही तर १,२७० पौंड खात्यात सलग २८ दिवस दाखवावे लागतात, सहा महिन्यांपेक्षा जास्त असेल तर टीबीची तपासणी पण. मला आधी एका एजंटनं रजिस्ट्रेशन म्हणून पैसे भरायला लावले आणि फोन उचलणं बंद केलं, त्या यादीत त्याच्या संस्थेचं नाव कुठंच नव्हतं, तेव्हा कुणालाच अडवान्स देऊ नको. पण खरं सांगू का भाऊ, तुला माणसानं येऊन बोलावलंय, इंग्लंडच्या मागं का लागतोस?

पेटीवाले_काका
बाळा, मी रंगभवनजवळ राहतो, ४० वर्षं पेटी वाजवतोय. पासपोर्ट नसेल तर इथंच सोलापुरात काढता येतो, पुण्याला जाऊ नको.
आता माझं ऐक. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि पुढं अभंग-ओवीच्या चालीत इतकी गायनं दिली की आपली आजी पाठ म्हणायची, कारण ती तिच्या जात्यावरच्या चालीतली होती. तू तिकडं गेलास की त्या पोरांचा ढोल बंद करून कीबोर्ड पुढं आणू नकोस, ढोलाला जागा ठेवून वाजव. आणि तुझ्यामागं कोण, हे तुला टोचतंय ते बरंच आहे. निघायच्या आधी सहा महिने इथं एकाला बसव शेजारी, भाता त्याला मारू दे, तू नुसतं सुरांवर बोट ठेव, मग उलटं कर. माझ्या गुरूंनी मला असंच शिकवलं, वही नव्हती काही.

पांढरीपाच_सोलापूर
मिरजकर दादा, ताई, काका, खूप आभार, परमिटचं मी त्यांना आजच लिहिलं. सोल्फाचं वाचून डोक्यावरचं ओझंच उतरलं. काका, संडे स्कूलची एक नववीतली मुलगी आहे, सूर पक्का आहे, तिच्या आईशी बोललो, शनिवारी संध्याकाळी पाचला यायची म्हणालीय. आमच्या पेटीचा मधला गंधार जरा घोगरा वाजतोय तो आधी साफ करून घेतो, तुम्ही याल का बघायला?

पेटीवाले_काका
येतो. स्क्रू-ड्रायव्हर आणि मऊ ब्रश मी आणतो, रीडला (आतल्या सूर देणाऱ्या पितळी पट्टीला) हात लावू नको तोवर.